गाणे आपले, तबकडी कुणाची?

10 ऑगस्ट 1920 रोजी न्यूयॉर्क शहरात मेमी स्मिथ या काळ्या गायिकेने 'ओके' नावाच्या कंपनीसाठी ब्लूज प्रकारातील एक गाणे तबकडीवर मुद्रित केले. तोपर्यंत अमेरिकेतील ग्रामोफोन कंपन्यांच्या गोऱ्या मालकांची पक्की समजूत होती की, काळी माणसे तबकड्या विकत घेत नाहीत. काळ्यांनी रचलेली गाणी गोऱ्या गायिकांकडून गाऊन घ्यायची आणि गोऱ्या गिऱ्हाइकांना विकायची, हा त्यांचा रिवाज होता. पेरी ब्रॅडफर्ड नावाच्या काळ्या गीतकाराने कंपन्यांच्या दारात जोडे झिजवले तेव्हा कुठे मेमी स्मिथला त्या भोंग्यासमोर उभे राहता आले. तबकडी बाजारात आली आणि काळ्या वस्त्यांतून तिच्यावर झुंबड उडाली. रेल्वेच्या डब्यांत गोऱ्या प्रवाशांची अंथरुणे घालणारे काळे पोर्टर उत्तरेतून या तबकड्यांचे गठ्ठे घेऊन निघत आणि दक्षिणेतील स्टेशनांवर विकत. जिथे दुकान नव्हते तिथे रेल्वेचा नोकर दुकानदार झाला.

मग गोऱ्या कंपन्यांना 'शोध' लागला. कोलंबसाला अमेरिकेचा लागला होता तसाच. जे संगीत शेतमळ्यांत, चर्चमध्ये आणि दारूच्या गुत्त्यांत पिढ्यान् पिढ्या जिवंत होते, त्याला आता 'रेस रेकॉर्ड' असे नाव देऊन त्याचा स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. गाणारे काळे, ऐकणारे काळे, विकत घेणारे काळे. तबकडी मात्र गोऱ्याची, कारखाना गोऱ्याचा आणि नफाही गोऱ्याचाच!

या व्यवहाराला पहिले मोठे आव्हान देणारा माणूस म्हणजे हॅरी हर्बर्ट पेस. काळ्या अमेरिकेत एके काळी बँका, विमा कंपन्या, वर्तमानपत्रे आणि संगीताच्या दुनियेत गाजलेले हे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग माहीत आहेत, माल्कम एक्स माहीत आहेत, ज्यांच्या नावावरून 1972 साली आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली ते ब्लॅक पँथर माहीत आहेत. त्यांच्या आधीच्या पिढीत संगीताच्या धंद्यात हाच लढा लढलेल्या या माणसाची ओळख चळवळीच्या वाचकांना असावी, असे आम्हाला वाटते. तो पुढे वकील झाला म्हणून आम्हाला त्याच्याविषयी थोडे अधिक ममत्व वाटते, हे कबूल करायला हरकत नाही. पण ही कहाणी निव्वळ गौरवाची नाही.

पेस यांचा जन्म 6 जानेवारी 1884 रोजी जॉर्जिया राज्यातील कोव्हिंग्टन या गावी झाला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. वडील लोहार. मुलगा तान्हा असतानाच ते वारले. मुलगा विलक्षण हुशार निघाला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, 1903 साली, तो अटलांटा विद्यापीठातून पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाला. शिकत असताना छापखान्याचे काम तो शिकला होता. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत सारे हाताने करणारा हा विद्यार्थी वर्गात लॅटिन आणि ग्रीकही वाचत होता.

याच विद्यापीठात त्यांना शिक्षक लाभले डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. 1946 साली अमेरिकेतील निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागितल्याचे कळताच बाबासाहेबांनी त्या अर्जाच्या प्रती मागवण्यासाठी पत्र लिहिले ते याच डू बॉइस यांना, आणि डू बॉइस यांनी त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात त्याला उत्तरही पाठवले. अशा गुरूच्या हाताखाली पेस घडले. शिक्षण संपल्यावर गुरुशिष्यांनी मेम्फिस शहरात छापखाना काढला आणि 1905 च्या अखेरीस 'द मून' नावाचे काळ्यांचे साप्ताहिक सुरू केले. ते जेमतेम काही महिने चालले. पैसा नाही, जाहिराती नाहीत, वर्गणीदार गरीब. आपल्या चळवळीतील ज्या कोणी पदरमोड करून पत्र चालवले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

साप्ताहिक बुडाले. पेस काही काळ मिसुरी राज्यातील काळ्यांच्या महाविद्यालयात लॅटिन आणि ग्रीक शिकवत होते. मग मेम्फिसला परतून काळ्यांच्याच मालकीच्या सॉल्व्हंट सेव्हिंग्ज बँकेत ते रोखपाल झाले. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि रात्री गाण्याचे शब्द, असा हा माणूस. मेम्फिसमध्येच त्यांची गाठ डब्ल्यू. सी. हँडी यांच्याशी पडली. ब्लूजचा जनक म्हणून ज्यांना पुढे जगाने ओळखले तेच हे हँडी. पेस शब्द लिहीत, हँडी चाल बांधत.

इथे एका व्यवहाराची नोंद केलीच पाहिजे. 1912 साली हँडींनी 'मेम्फिस ब्लूज' स्वखर्चाने छापले आणि पुरते फसून त्याचे हक्क अवघ्या 50 डॉलर्सना विकले. गाणे देशभर गाजले, घरोघर पियानोवर वाजले. पैसा ज्याने हक्क घेतले त्याला मिळाला. अमेरिकन कायद्यानुसार 28 वर्षांची मुदत संपून हे गाणे हँडींच्या हाती परत आले ते 1940 साली. या धड्यातूनच 'पेस अँड हँडी म्युझिक कंपनी' उभी राहिली. आपले गाणे आपण छापायचे, आपल्या नावावर ठेवायचे आणि इतर काळ्या रचनाकारांचीही गाणी शोधून प्रसिद्ध करायची, असा हा उद्योग. 1914 चे 'सेंट लुईस ब्लूज' हँडींनी विकले नाही. ते स्वतःच्या कंपनीतून काढले आणि त्याच्या उत्पन्नावर ते पुढे आयुष्यभर जगले.

आमच्या टेबलावर आजही असे कागद येतात. भीमजयंतीला गावोगाव ज्यांचा आवाज घुमतो अशा कलावंतांनी कॅसेटच्या जमान्यात दोन-चार हजार रुपयांवर सही केलेली असते, सही कशावर केली ते त्यांना ठाऊक नसते, आणि त्यांचीच गाणी आज मोबाईलवर लाखो लोक ऐकत असतात. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 19 सांगते की, हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच झाले पाहिजे. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा असा सुरक्षित केला की, तो कंपनीला सहजासहजी लिहून घेता येऊ नये. कायदा आहे. कागद दाखवायला वकिलाकडे येणारे मात्र फार थोडे.

पेस यांच्याकडे वळू. 1913 च्या सुमारास ते अटलांटाला एका काळ्या विमा कंपनीचे सचिव म्हणून गेले. गोऱ्या विमा कंपन्या काळ्यांना एक तर विमा देत नसत किंवा दामदुप्पट हप्ता घेत. 1917 साली अटलांटामध्ये एनएएसीपी या संघटनेची शाखा स्थापन झाली तेव्हा पेस तिचे पहिले अध्यक्ष झाले. सचिव होते तरुण वॉल्टर व्हाईट, जे पुढे या संघटनेचे राष्ट्रीय नेते झाले. शहराच्या शाळा मंडळाने गोऱ्या मुलांचे हायस्कूल बांधण्यासाठी पैसा हवा म्हणून काळ्या मुलांचा सातवीचा वर्ग बंद करण्याचा घाट घातला होता. आठवीचा वर्ग आधीच बंद केला होता. म्हणजे काळ्या मुलाने सहावीत थांबायचे. या नव्या शाखेने शिष्टमंडळ नेले, आवाज उठवला आणि सातवी वाचवली.

दरम्यान संगीताची कंपनी न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर गेली होती. 1920 मध्ये पेसही तिथे पोचले. तिथे त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. गाण्याचा कागद आपला असला तरी आता लोक कागद विकत घेईनासे झाले होते. पियानो किती घरांत असणार? फोनोग्राफ मात्र हप्त्यावर मिळत होता. गाण्याचे भवितव्य तबकडीत होते आणि तबकडी संपूर्णपणे गोऱ्यांच्या हाती होती. पेस यांनी हँडींपासून फारकत घेतली आणि 1921 च्या जानेवारीत सुमारे 30 हजार डॉलर्सच्या भांडवलावर 'पेस फोनोग्राफ कॉर्पोरेशन' स्थापन केले. पहिले कार्यालय हार्लेममधील 138 व्या रस्त्यावरील त्यांच्या स्वतःच्या घराच्या तळघरात होते. संचालक मंडळावर काळे डॉक्टर, काळे जमीनजुमला व्यावसायिक आणि स्वतः डू बॉइस! आपल्याकडे बाबासाहेबांनी शाहू महाराजांच्या साहाय्याने 'मूकनायक' सुरू केले ते 31 जानेवारी 1920 रोजी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण ज्यांचा आवाज दाबला गेला आहे त्यांनी आवाजाचे साधनच हाती घ्यावे, ही निकड जगाच्या दोन टोकांना एकाच वर्षाच्या अंतराने जाणवत होती.

कंपनीच्या तबकड्यांना नाव दिले 'ब्लॅक स्वान', म्हणजे काळा हंस. हे नाव होते एलिझाबेथ टेलर ग्रीनफिल्ड या गायिकेचे. मिसिसिपीत गुलामगिरीत जन्मलेल्या आणि फिलाडेल्फियात वाढलेल्या या स्त्रीने 1854 साली इंग्लंडच्या राणीसमोर गायन केले होते. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये तिची मोठी मैफल झाली तेव्हा श्रोत्यांत काळ्यांना प्रवेश नव्हता. गायिका काळी आणि तिची माणसे बाहेर. नावातच इतिहास ठेवायचा, ही पेस यांची दृष्टी.

माणसेही त्यांनी पारखून घेतली. फ्लेचर हेंडरसन हा रसायनशास्त्राचा पदवीधर न्यूयॉर्कला पुढच्या शिक्षणासाठी आला होता. त्याला मुद्रणाची जबाबदारी दिली. विल्यम ग्रँट स्टिल हा तरुण संगीत संयोजनाला घेतला. पुढे हेंडरसनने मोठ्या जाझ वाद्यवृंदाचा साचा घडवला आणि स्टिल हा अमेरिकेतील पहिल्या प्रतीचा सिंफनी रचनाकार झाला. दोघांची उमेदवारी या तळघरातल्या कंपनीत झाली.

अडचणी काय आल्या त्या पेस यांनी पुढे लिहून ठेवल्या आहेत. मुद्रण करून द्यायला कंपन्या तयार नाहीत, तबकड्या छापून द्यायला कारखाने तयार नाहीत. काम होईलसे वाटत असलेला एक कारखाना बड्या कंपनीने मुद्दाम विकत घेऊन टाकला. शेवटी गाणे न्यूयॉर्कमध्ये मुद्रित करायचे आणि त्याचे साचे शेकडो मैल दूर विस्कॉन्सिन राज्यातील पोर्ट वॉशिंग्टन या गावी पाठवायचे, तिथून तबकड्या छापून यायच्या, अशी द्राविडी प्राणायामाची व्यवस्था झाली.

पण तबकड्या आल्या. 1921 च्या उन्हाळ्यात एथेल वॉटर्स या तरुण गायिकेचे 'डाऊन होम ब्लूज' निघाले आणि कंपनी तरली. या मुलीला पेस आणि हेंडरसन यांनी हेरले तेव्हा ती हार्लेममधील एका साध्या तळघरातल्या क्लबात गात असे. तिने लोकप्रिय गाणे म्हणावे की सुसंस्कृत, यावर कार्यालयात बराच खल झाला, असे तिने आत्मचरित्रात नोंदवले आहे. मोबदला 100 डॉलर्स. तेव्हाच्या तिच्या दृष्टीने ती मोठी रक्कम होती. पहिल्या वर्षअखेरीस पेस यांनी भागधारकांना कळवलेले उत्पन्न एक लाख डॉलर्सच्या पुढे गेले होते. तबकड्या केवळ ग्रामोफोनच्या दुकानांत विकल्या जात नव्हत्या. औषधांची दुकाने, फर्निचरची दुकाने, न्हाव्याची दुकाने, बिलियर्डचे अड्डे अशा ठिकाणी काळे एजंट त्या ठेवत. काळ्यांच्या वर्तमानपत्रांतून, विशेषतः डू बॉइस संपादित 'द क्रायसिस'मधून, जाहिराती येत. अस्सल काळे आवाज फक्त आमच्याकडेच, असा त्या जाहिरातींचा आशय असे. जाहिरातीच्या या ओळी पुढे पेस यांच्यावरच उलटायच्या होत्या.

लोकांपर्यंत नवे गाणे कसे न्यायचे? पेस यांनी दौरा काढला. एथेल वॉटर्स, हेंडरसन आणि वादकांचा ताफा 'ब्लॅक स्वान ट्रूबॅडूर्स' या नावाने 1921 च्या हिवाळ्यात निघाला. दक्षिणेत जायची वेळ आली तेव्हा काही वादकांनी नकार दिला. तिथे काळ्या माणसाला गोरा जमाव झाडाला टांगत होता. नकार देणाऱ्यांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. पण एथेल वॉटर्स गेली. 1922 मध्ये न्यू ऑर्लिन्सला त्यांचे गाणे नव्या रेडिओवरूनही ऐकवले गेले. त्याच शहरात हेंडरसनच्या कानावर एका विशीतल्या पोराचे कॉर्नेट पडले. त्याने त्याला बरोबर येण्याचे निमंत्रण दिले. माझ्या ढोलवाल्या मित्रालाही घेणार असाल तर येतो, अशी त्या पोराची अट होती आणि बेत फसला. तो पोरगा म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. दोन वर्षांनी तो न्यूयॉर्कला हेंडरसनच्या ताफ्यात आला आणि जाझची चालच बदलली. दौरा जाहिरातीसाठी निघाला होता, पण गाणे देणारे आणि गाणे घेणारे यांची अशी वाटेत अदलाबदल झाली.

एथेल वॉटर्सच्या करारात तिने वर्षभर लग्न करू नये असे कलम होते आणि पेस यांनी त्याची वर्तमानपत्रांतून प्रसिद्धीही केली. काळ्यांची कंपनी असली तरी बाईच्या आयुष्यावर मालकी सांगायला मागे नव्हती, हे नोंदवून पुढे जाऊ.

आता या कहाणीतील सर्वांत बोचणाऱ्या प्रसंगाकडे येऊ. बेसी स्मिथ ही दक्षिणेतील तंबूच्या खेळांतून गाणारी स्त्री. टेनेसीतील चॅटनूगा गावच्या रस्त्यांवर भावाबरोबर गाणी म्हणून तिने पोट भरले होते. ती 'ब्लॅक स्वान'कडे आवाजाच्या चाचणीला आली. चाचणी चालू असताना गाणे थांबवून ती थुंकली आणि पेस यांनी तिला परत पाठवले, अशी गोष्ट सांगितली जाते. थुंकल्याची गोष्ट खरी असो वा रंगवलेली, तिला नाकारले हे खरे आहे. ती फार रांगडी वाटली. पेस यांच्या यादीत ऑपेरातील गाणी होती, चर्चची भजने होती, व्हायोलिन होते. गोऱ्या जगाला दाखवायचे होते की आम्हीही सुसंस्कृत आहोत. ब्लूज हे पैसे मिळवून देणारे, पण जरा लाजेचे अंग. ज्या अल्बर्टा हंटरने आपले पहिले मुद्रण याच कंपनीसाठी केले, तीही इथे दुय्यमपणे वागवले जात असल्याचे पाहून लवकरच दुसरीकडे गेली.

1923 साली गोऱ्यांच्या कोलंबिया कंपनीने बेसी स्मिथला घेतले. तिची पहिलीच तबकडी, 'डाऊनहार्टेड ब्लूज', सहा महिन्यांत साडेसात लाखांवर खपली. त्या गाण्याच्या रचनाकारांत एक नाव होते अल्बर्टा हंटरचे! म्हणजे 'ब्लॅक स्वान'च्या हातून निसटलेल्या दोन बायकांनी मिळून ते यश घडवले. आणि कोलंबियाने बेसीला काय दिले? गाण्यामागे ठरावीक रक्कम. रॉयल्टी नाही. काळ्याच्या कंपनीने तिला नाकारले आणि गोऱ्याच्या कंपनीने तिला लुटले.

या प्रसंगावर आम्हाला थांबावेसे वाटते, कारण शिकलेल्या माणसाचा हा आजार आपल्याही ओळखीचा आहे. चार बुके शिकून, नोकरी मिळवून शहराच्या सोसायटीत राहायला गेलेला आपला माणूस वस्तीतले हलगीवरचे गाणे ऐकून दार लावून घेतो. शेजारचे काय म्हणतील, ही भीती. आपल्या जलसाकारांनी मात्र तसे केले नाही. भीमराव कर्डक आणि त्यांच्या पिढीतील शाहिरांनी तमाशाचाच बाज घेतला, त्यातील गण-गौळणीचा देवधर्म काढून टाकला, बाबासाहेबांचा विचार घातला आणि ढोलकी तशीच ठेवली. लोकांना कळणाऱ्या आवाजातच लोकांना जागे केले. पेस यांच्याकडे डू बॉइस यांची विद्वत्ता होती, बँकेचा हिशेब होता, गायिका पारखणारा कानही होता. बेसी स्मिथचा आवाज ऐकताना मात्र त्यांनी तो गोऱ्यांच्या कानाने ऐकला, असे आमचे मत आहे. त्या काळच्या काळ्या पुढाऱ्यांवर किती दडपण होते हे सांगून त्यांचे समर्थन करणारे लोक आहेत. दडपण होतेच. पण ते बेसी स्मिथवर काय कमी होते?

1922 मध्ये पेस यांनी एका गोऱ्या भागीदाराबरोबर बंद पडलेल्या ऑलिम्पिक कंपनीचा लाँग आयलंड सिटी येथील कारखाना घेतला. कारखाना हाती आला ही मोठीच मजल. पण त्याबरोबर ऑलिम्पिकचा जुना मालही आला. म्हणजे गोऱ्या वादकांनी वाजवलेल्या गाण्यांचे साचे. कारखान्याचे चाक फिरते ठेवायचे होते. पेस यांनी ते साचे काळी वाटणारी खोटी नावे देऊन 'ब्लॅक स्वान'च्या तबकड्यांवर छापले. जाहिरातीत तोच दावा चालू होता. अस्सल काळे आवाज! आपल्या लोकांनी अभिमानाने विकत घेतलेल्या तबकडीवर गोरा वाजवतो आहे आणि त्यांना ते ठाऊक नाही. पुढे संशोधकांनी तबकड्या ताडून पाहिल्या तेव्हा ही लबाडी उघडी पडली. वकिलाच्या भाषेत याला ग्राहकाची फसवणूक म्हणतात, चळवळीच्या भाषेत त्याहून वाईट शब्द आहे.

तरीही कंपनी वाचली नाही. 1923 मध्ये रेडिओ घरोघर आला आणि फुकट गाणे ऐकू येऊ लागले. तबकड्यांचा खप पडला. बड्या कंपन्यांनी आपापले 'रेस' विभाग उघडून जादा पैसे देत गायिका पळवल्या. त्याच वर्षी डिसेंबरात दिवाळखोरी जाहीर झाली. आपल्याकडे 'मूकनायक' बंद पडले तेही 1923 सालीच. 1924 मध्ये 'ब्लॅक स्वान'चा सारा संग्रह पॅरामाऊंट या कंपनीकडे गेला. ही पॅरामाऊंट म्हणजे विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची शाखा होती. फोनोग्राफची लाकडी पेटी विकायची तर तिच्यावर वाजवायला तबकडी हवी, म्हणून ती निघालेली. काळ्या हंसाचा शेवट खुर्चीवाल्याच्या गोदामात झाला.

पेस हातपाय गाळून बसणाऱ्यांपैकी नव्हते. 1925 साली त्यांनी न्यू जर्सीत विमा कंपनी काढली. 1929 मध्ये तिचे आणखी दोन काळ्या कंपन्यांबरोबर विलीनीकरण होऊन शिकागोची 'सुप्रीम लिबर्टी लाइफ' उभी राहिली आणि पेस तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी महामंदी आली. मोठमोठ्या गोऱ्या बँका कोसळल्या, ही कंपनी टिकली. हा गडी दिवसा अध्यक्षपद सांभाळत कायदा शिकत होता. 1933 साली, वयाच्या 49 व्या वर्षी, त्यांनी शिकागो-केंट महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतली.

या पदवीचा संबंध एका गाजलेल्या खटल्याशी येतो. शिकागोच्या वॉशिंग्टन पार्क भागात गोऱ्या घरमालकांनी आपसांत करार केला होता की, कुणीही काळ्यांना घर विकणार नाही वा भाड्याने देणार नाही. कार्ल हॅन्सबेरी या काळ्या व्यावसायिकाने 1937 मध्ये तिथे घर घेतले. कर्ज दिले पेस यांच्या 'सुप्रीम लिबर्टी'ने. पेस यांनी स्वतःही त्याच भागात मालमत्ता घेतली आणि खटल्यात प्रतिवादी म्हणून त्यांचेही नाव लागले. हॅन्सबेरींच्या घरावर जमाव चालून आला. फेकलेली वीट त्यांच्या लहानग्या मुलीच्या, लॉरेनच्या, डोक्याजवळून गेली. करार लागू व्हायला 95 टक्के मालकांच्या सह्या हव्या होत्या. आधीच्या एका दाव्यात तेवढ्या सह्या आहेत असे दोन्ही पक्षांनी संगनमताने मान्य करून टाकले होते. प्रत्यक्षात सह्या सुमारे 54 टक्केच होत्या. खालच्या न्यायालयांनी म्हटले, तो मुद्दा एकदा निकालात निघाला, आता उकरता येणार नाही. 12 नोव्हेंबर 1940 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवले. ज्या दाव्यात आपले हित मांडणारे कुणी नव्हतेच, त्या दाव्याचा निकाल आपल्यावर बांधील नाही, असे हे तत्त्व. असले करार मुळात न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत, हे ठरायला 1948 साल उजाडावे लागले. पण घर हॅन्सबेरींचे राहिले. त्या मुलीने मोठेपणी त्या अनुभवावरून जे नाटक लिहिले ते 1959 मध्ये ब्रॉडवेवर आले. 'अ रेझिन इन द सन'.

काळ्या माणसाला गोऱ्या वस्तीत राहता यावे म्हणून लढणाऱ्या पेस यांचे स्वतःचे घर मात्र या सुमारास रिव्हर फॉरेस्ट या गोऱ्यांच्या उपनगरात होते, आणि तिथे ते गोरे म्हणून राहत. त्यांचा वर्ण मुळातच इतका उजळ होता की कुणी विचारले नाही तर ओळखू येऊ नये. त्यांच्याच कंपनीत वाढलेल्या जॉन जॉन्सन यांनी आत्मचरित्रात हे लिहून ठेवले आहे. इकडे आडनाव बदलून, गाव लपवून, घरातील बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत हलवून राहणाऱ्यांची गोष्ट आपण जाणतो. त्यांना आम्ही सरसकट दोष देत नाही. घर मिळत नाही, मुलाला शाळेत टोमणे बसतात, हे आम्ही अशिलांच्या तोंडून ऐकतो. पण पेस हे साधे नोकरदार नव्हते. काळ्यांच्या हप्त्यांवर उभ्या असलेल्या कंपनीचे ते अध्यक्ष होते.

या जॉन्सन यांची हकिगत सांगितल्याशिवाय पेस यांचे चरित्र पुरे होत नाही. अर्कान्सासमधून आईबरोबर शिकागोला आलेला हा गरीब मुलगा. 1936 मध्ये पेस यांनी त्याचे भाषण ऐकले आणि त्याला कंपनीत काम देऊन पुढे शिकायची सोय केली. आवाज हेरण्याची ती जुनी नजर अजून शाबूत होती. जॉन्सनकडे एक काम असे होते की, काळ्यांची वर्तमानपत्रे आणि मासिके वाचायची आणि समाजात काय चालले आहे याचा गोषवारा अध्यक्षांना द्यायचा. अध्यक्ष आता त्या समाजात राहत नव्हते ना! त्या गोषवाऱ्यांवरूनच जॉन्सनला कल्पना सुचली. 1942 मध्ये आईचे फर्निचर गहाण ठेवून त्याने 500 डॉलर्स कर्ज काढले, 'सुप्रीम लिबर्टी'च्या वीस हजार विमेदारांच्या यादीला पत्रे पाठवून वर्गणी मागितली आणि 'निग्रो डायजेस्ट' हे मासिक सुरू केले. त्यामागून 1945 मध्ये 'एबनी' आणि 1951 मध्ये 'जेट'. 1955 साली मिसिसिपीत गोऱ्यांनी ठार मारलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलचा विद्रूप केलेला चेहरा साऱ्या काळ्या अमेरिकेला दाखवला तो याच 'जेट'ने.

ते पाहायला पेस नव्हते. 19 जुलै 1943 रोजी शिकागोत ते वारले. डू बॉइस यांचा हा शिष्य, अटलांटातील संघटनेचा पहिला अध्यक्ष, 'ब्लॅक स्वान'चा संस्थापक. त्यांची नातवंडे स्वतःला गोरे समजूनच लहानाची मोठी झाली. आपला आजोबा कोण होता हे त्यांना या शतकात, उतारवयाकडे झुकल्यावर कळले. तोपर्यंत काळ्या हंसाचे चित्र असलेल्या त्या तबकड्या जुन्या वस्तूंचे संग्राहक एकमेकांकडून विकत घेत होते.